‘काही सापडत नाही’ असे म्हणण्यापूर्वी

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि लघुप्रबंध दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात. त्यांतील बहुतेकांच्या प्रस्तावनेत एक वाक्य हमखास भेटते : ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.’ ते वाचून मला हसू येत नाही, कारण हेच वाक्य एकदा मीही लिहिले होते आणि ते मला चांगलेच महाग पडले होते. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या निमित्ताने ग्रंथालयातील डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यावा याचा एक पाठ विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता पक्षांतर. आपल्या भागातील माणसाला हा विषय सुचणे अगदी साहजिक होते. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकाच्या विधानसभेत जे राजीनामासत्र झाले, त्यानंतर सभापतींनी सतरा आमदारांना अपात्र ठरवले. त्यांत गोकाक, अथणी आणि कागवाड हे बेळगाव जिल्ह्यातील तीन मतदारसंघ होते. घरोघरी, चहाच्या टपरीवर तोच विषय. मी उत्साहाने आराखडा तयार केला आणि त्यात बिनदिक्कत लिहून टाकले की राज्य पातळीवरील पक्षांतराचा अभ्यास फारसा कोणी केलेला नाही.

आराखडा समितीपुढे गेला. बाहेरून आलेल्या एका वयोवृद्ध तज्ज्ञांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि विचारले, ‘‘सुभाष कश्यपांचे १९६९ चे पुस्तक पाहिलेत का?’’ मी गप्प. ‘‘बरे, पॉल ब्रास? १९६८?’’ मी गप्पच. ‘‘मग ‘अभ्यास झालेला नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता? शोधले कसे होते?’’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर माझ्याजवळ मुळीच नव्हते. आराखडा परत आला आणि माझे सहा महिने वाया गेले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. आमच्या ग्रंथपाल बाईंची मातृभाषा कन्नड. पण मराठी त्या आपल्यापैकी अनेकांपेक्षा शुद्ध बोलतात. त्यांनी दोष दिला नाही की उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही काय टाइप केलं होतंत, तेवढं दाखवा.’’ मी दाखवले. मी अख्खे वाक्यच टाइप केले होते : कर्नाटकातील आमदार पक्षांतर का करतात, असा इंग्रजीतला लांबलचक प्रश्न. त्यातून हाती काही लागले नाही, म्हणून मग ‘डिफेक्शन’ हा एकच शब्द टाकला होता. तेव्हा इतका ढीग आला की पहिली दोन पाने पाहून मी संगणक बंद केला. बाई म्हणाल्या, ‘‘एकदा तुम्ही सुईच्या छिद्रातून पाहिलंत आणि एकदा दारच सताड उघडं टाकलंत. मधली खिडकी कुठं आहे?’’

ती मधली खिडकी कशी करायची, हाच पुढचा पाठ. उदाहरण पक्षांतराचेच घेतो, कारण ते मला पाठ आहे. शोधशब्द संगणकावर अर्थातच रोमन लिपीत टंकायचे असतात; येथे ते उच्चाराप्रमाणे नागरीत दिले आहेत.

१. एकच गोष्ट, अनेक नावे

डेटाबेसला अर्थ कळत नाही, अक्षरे कळतात. आपण जो शब्द देऊ तोच तो शोधतो. लेखकाने दुसरा शब्द वापरला असेल तर तो लेख आपल्यापुरता नाहीसा होतो. म्हणून शोधाला बसण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखावेत : कोणती घटना, कोणाच्या बाबतीत, कोठे आणि केव्हा. प्रत्येक रकान्यात त्या कल्पनेची जेवढी नावे आठवतील तेवढी लिहावीत.

माझ्या पहिल्या रकान्यात अगोदर ‘डिफेक्शन’ एवढाच शब्द होता. हा मुख्यतः आपल्या देशातील वापराचा शब्द. ब्रिटनच्या परंपरेत ‘फ्लोअर क्रॉसिंग’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतील तुलनात्मक अभ्यासात ‘पार्टी स्विचिंग’ हा शब्द रूढ आहे; विल्यम हेलर आणि कॅरल मर्शन यांनी इटलीच्या संसदेवर २००५ साली लिहिलेला लेख आणि २००९ साली संपादित केलेला ग्रंथ या शब्दानेच सापडतात. मी केवळ ‘डिफेक्शन’ शोधत असल्यामुळे अभ्यासाची ही संपूर्ण शाखाच माझ्या नजरेआड राहिली होती.

याच्या उलटही घडते. शब्द एक आणि अर्थ दोन. ऑस्ट्रेलियात ‘फ्लोअर क्रॉस’ करणे म्हणजे पक्ष न सोडता एखाद्या प्रश्नावर विरुद्ध बाजूने मत देणे, पक्षांतर नव्हे. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ पक्ष बदलणे असा आहे. तेथे २००२ साली सदस्यांना ठरावीक मुदतीत पक्ष बदलण्याची मुभा देणारे कायदे झाले आणि २००९ साली ती मुभा रद्द झाली. तेव्हा एखादा शब्द रकान्यात घालताना तो कोणत्या देशात कोणत्या अर्थाने चालतो, हे पाहूनच घालावा.

२. काळाप्रमाणे शब्द आणि नावे बदलतात

आपला पक्षांतरबंदी कायदा म्हणजे १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती. तिने घटनेला दहावे परिशिष्ट जोडले. म्हणून पुष्कळ अभ्यासक ‘दहावे परिशिष्ट’ याच शब्दांनी लिहितात आणि तो शब्द रकान्यात हवाच. परंतु १९७४-७५ मधील लिखाणात हेच शब्द आले तर ते पक्षांतराविषयी नसून सिक्कीमविषयी असतात. कारण ३५ व्या दुरुस्तीने जोडलेले त्या वेळचे दहावे परिशिष्ट सिक्कीमच्या सहयोगी दर्जाचे होते आणि पुढच्याच वर्षी ते रद्द झाले. उलट १९६७ नंतरच्या धामधुमीवरील लेखांत ‘दहावे परिशिष्ट’ मिळणारच नाही. तेथे हरयाणाचे आमदार गयालाल यांच्यावरून रूढ झालेला ‘आयाराम-गयाराम’ हा वाक्प्रचार, किंवा यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा उल्लेख उपयोगी पडतो. डिसेंबर १९६७ मधील लोकसभेच्या ठरावानंतर नेमलेल्या या समितीचा अहवाल १९६९ साली आला. कायद्यातील ‘फूट’ हा शब्दही असाच कालबद्ध आहे. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकले. विलीनीकरणाची दोनतृतीयांशाची तरतूद तेवढी राहिली. तेव्हा १९८५ ते २००३ या काळासाठी ‘स्प्लिट’ आणि त्यानंतरच्या काळासाठी ‘मर्जर’ हा शब्द अधिक फळ देतो.

गावांची आणि राज्यांची नावेही अशीच. आपले राज्य १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत म्हैसूर होते. १९६७ ते १९७१ या काळातील आपल्या विधानसभेवरचे लेख शोधताना केवळ ‘कर्नाटक’ टाकले तर त्या काळचे लिखाण निसटून जाईल. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले. म्हणजे दोन्ही रूपे द्यावी लागतात. ओरिसा २०११ साली ओडिशा झाला. गोवा १९८७ पर्यंत दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. तो शब्दही जोडावा लागतो.

व्यक्तिनामांचा घोळ तर विचारूच नका. पक्षांतरबंदी कायद्याची वैधता ठरवणारा १९९२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका निकालपत्रिकेत ‘किहोतो होलोहान’ या नावाने, तर दुसरीत ‘किहोता होलोहोन’ या वर्णक्रमाने छापला गेला आहे. नोव्हेंबर २०१९ चा आपल्या आमदारांचा निकाल ज्या नावाने ओळखला जातो, त्यातील ‘श्रीमंत’ हे नाव न्यायालयाच्या कागदात शेवटी ‘एच’ लावून आहे, वृत्तपत्रांत पुष्कळदा त्याशिवाय. एका अक्षराने निकाल हरवतो! अशा वेळी नावाचा खात्रीचा तेवढाच भाग घ्यावा आणि त्याला न्यायालय, वर्ष किंवा राज्य यांची जोड द्यावी.

३. जोडण्याचे तीन शब्द

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तर्कपद्धतीतील तीन साधे शब्द आज प्रत्येक डेटाबेसमध्ये कामाला आहेत : ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’. नियम असा की एकाच रकान्यातील समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडायचे आणि निरनिराळे रकाने एकमेकांस ‘अँड’ने जोडायचे. ‘ऑर’ने शोध रुंद होतो, ‘अँड’ने अरुंद. विद्यार्थी नेमके उलटे समजतात, कारण बोलण्यात ‘आणि’ म्हटले की काहीतरी वाढल्यासारखे वाटते.

प्रगत शोधाच्या पानावर ओळीओळीने जागा असते. तेथे माझा सुधारलेला शोध असा झाला :

पहिली ओळ : डिफेक्शन ऑर ‘फ्लोअर क्रॉसिंग’ ऑर ‘पार्टी स्विचिंग’ ऑर ‘टेन्थ शेड्यूल’

दुसरी ओळ : लेजिस्लेटर ऑर लेजिस्लेचर ऑर असेंब्ली ऑर स्पीकर

तिसरी ओळ : कर्नाटक ऑर म्हैसूर

तिन्ही ओळींमध्ये ‘अँड’. दोन शब्दांचा समास असेल तर तो अवतरणचिन्हात घालावा, म्हणजे ते शब्द शेजारीशेजारी असतील तेथेच सापडतील. सर्व शब्द एकाच ओळीत लिहिले तर प्रत्येक गटाला कंस घालण्यास विसरू नये. नाही तर ‘अँड’ने कोणाला धरावे हे यंत्र स्वतःच्या रीतीने ठरवते. जेस्टोरसारख्या संग्रहात हे तीन जोडशब्द मोठ्या अक्षरांतच लिहावे लागतात. प्रत्येक डेटाबेसचे असे बारीक नियम असतात. म्हणून त्याचे मदतीचे पान पाच मिनिटे वाचावे. ती पाच मिनिटे पुढचे पाच तास वाचवतात.

तारांकन हे दुसरे हत्यार. ‘लेजिस्ल’ एवढे लिहून पुढे तारा टाकला की त्या मुळापासून निघालेले सर्व शब्द येतात. परंतु तारा कोठे टाकावा याला विवेक हवा. मी ‘डिफेक्ट’नंतर तारा टाकला आणि सदोष यंत्रे, सदोष कायदे, सदोष लोकशाही अशी सगळी ‘डिफेक्टिव्ह’ मंडळी समोर येऊन उभी राहिली. दोन अक्षरे अलीकडे थांबलो म्हणून एवढा पाहुणचार!

‘नॉट’ हा शब्द तर सुरीसारखा. ‘डिफेक्शन’ शोधताना शीतयुद्धात देश सोडून गेलेली माणसे येतात आणि खेळ-सिद्धांतातील कैद्यांची द्विधाही येते. तेथे सहकार्य न करणे यालाच ‘डिफेक्शन’ म्हणतात. मी वैतागून ‘नॉट गेम’ असे लिहिले. कचरा गेला, पण आमदार पक्ष का बदलतात याचे विवेचन खेळ-सिद्धांताच्या आधारे करणारे उत्तम लेखही त्याबरोबर गेले. बाईंनी ते दाखवून दिले आणि म्हणाल्या, ‘‘नको ते काढण्यापेक्षा हवं ते आणखी स्पष्ट सांगा.’’ तेव्हापासून मी ‘नॉट’ सहसा वापरत नाही. त्याऐवजी दुसऱ्या रकान्यातील ‘लेजिस्लेटर’सारखे शब्द वाढवतो.

४. विषयशीर्षक आणि नोंदीचे घर

लेखकाने शीर्षकात कोणता शब्द वापरला यावर सर्व काही अवलंबून राहू नये, म्हणून ग्रंथपाल प्रत्येक ग्रंथाला ठरावीक विषयशीर्षके देतात. ब्रास यांच्या १९६८ च्या लेखाचे शीर्षक उत्तर भारतातील आघाडीच्या राजकारणाविषयी आहे. त्यात पक्षांतराचा शब्दही नाही. शीर्षकापुरते शोधणाऱ्याला तो कधीच भेटणार नाही. म्हणून युक्ती अशी : एक उत्तम, नेमका ग्रंथ आधी शोधावा, त्याची पूर्ण नोंद उघडावी, तिच्यातील विषयशीर्षके टिपावीत आणि त्याच शीर्षकांनी पुन्हा शोध घ्यावा. एक बरा ग्रंथ आपल्या भाऊबंदांचा पत्ता देतो.

कपाटापुढे उभे राहण्याचेही महत्त्व कमी झालेले नाही. ड्युई वर्गीकरणात राज्यशास्त्र ३२० मध्ये, पक्ष आणि निवडणुका ३२४ मध्ये, विधिमंडळे ३२८ मध्ये आणि घटनात्मक कायदा ३४२ मध्ये. पक्षांतराची पुस्तके या शेवटच्या तिन्ही कप्प्यांत विखुरलेली असतात. वाचकाचा वेळ वाचवावा हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम. परंतु वाचकानेही चार पावले चालण्याची तयारी ठेवली पाहिजे.

५. कोठे काय आहे आणि काय नाही

शून्य उत्तर आले की प्रथम विचारावे : मी चुकीच्या दुकानात तर शिरलो नाही? जेस्टोर हा जुन्या अंकांचा फार मोठा संग्रह. पण त्यातील बऱ्याच नियतकालिकांची अलीकडची तीन ते पाच वर्षे तेथे नसतात. तेव्हा ताज्या घटनेवर तेथे काही नाही, याचा अर्थ कोणी लिहिले नाही असा होत नाही. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ १९६६ पासूनचे. त्याच्या आधीच्या काळासाठी १९४९ साली सुरू झालेले ‘इकॉनॉमिक वीकली’ पाहावे लागते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’त असतात, आणि आपला विषय कोणी आधी हाताळला आहे काय, हे पाहण्याची ती पहिली जागा. संसदेतील चर्चा संसदेच्या अंकीय ग्रंथालयात, तर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर विनामूल्य पाहता येतात. गोव्यातील रवी नाईक प्रकरणाचा १९९४ चा निकाल मुळातून वाचला तेव्हा मला कळले की ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ हे राजीनाम्यापेक्षा व्यापक आहे. हा मुद्दा मी तोवर तिसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो.

देशी भाषांतील लिखाण हा आपल्यासारख्यांचा खास ठेवा. मराठीत आपण ‘पक्षांतरबंदी’ म्हणतो, कन्नडात ‘पक्षांतर निषेध’. म्हणजे मुख्य शब्द एकच, लिपी तेवढी वेगळी. हिंदीत ‘दलबदल’, गुजरातीत ‘पक्षपलटो’. नागरी लिपीत शोधताना ‘पक्षांतर बंदी’ तोडून आणि जोडून अशी दोन्ही रूपे द्यावीत. ‘पक्षांतराचा’, ‘पक्षांतरे’ ही रूपेही आठवावीत. मराठी प्रबंधांची शीर्षके काही वेळा रोमन लिपीत मनाला येईल तशा वर्णक्रमाने नोंदलेली असतात, हेही ध्यानात असावे. या अंकाचा मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग वाचू शकणारा विद्यार्थी या कामात पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याच्या एक पाऊल पुढे आहे. त्याने ते पाऊल उचलले मात्र पाहिजे.

६. मागे आणि पुढे

चांगला लेख हाती आला की दोन दिशांनी चालावे. त्याच्या शेवटच्या संदर्भांतून मागे जावे, म्हणजे त्याचे पूर्वज भेटतात. आणि गूगल स्कॉलरसारख्या ठिकाणी त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहावे, म्हणजे त्याचे वंशज भेटतात. समितीने नावे घेतलेल्या दोन लेखकांपासून मी अशी वाट धरली आणि पंधरा दिवसांत माझी वही भरली.

अलीकडे काही विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारून संदर्भांची यादी आणतात. शोधशब्द सुचवून घेण्यासाठी त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु मागे एका विद्यार्थिनीने आणलेल्या अशा यादीतील काही लेख, नियतकालिकाचे नाव खरे, वर्ष खरे, पण त्या अंकात लेखच नाही, असे निघाले. बिचारी दोन दिवस शोधत बसली होती. जो लेख डोळ्यांनी पाहिला नाही तो संदर्भांत घालू नये, हा जुना नियम आता अधिकच कडक पाळला पाहिजे.

७. वही

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शोधाची वही. तारीख, डेटाबेस, नेमके कोणते शब्द, कोणती वर्षे, काय मिळाले, काय ठेवले : एवढे सहा रकाने पुरेत. वही नसली की माणूस त्याच विहिरीत पुनःपुन्हा पोहरा सोडतो. थांबायचे कधी हेही वहीच सांगते. निरनिराळ्या शब्दांनी, निरनिराळ्या ठिकाणी शोधूनही तीच तीच नावे येऊ लागली की समजावे, क्षेत्राची सीमा आली.

माझा आराखडा दुसऱ्या वेळी मंजूर झाला. या खेपेस ‘संशोधन झालेले नाही’ हे वाक्य त्यात नव्हते. त्याऐवजी मी लिहिले होते की अमुक डेटाबेस, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत पाहिले; १९६७ नंतरच्या उत्तर भारतावर आणि दहाव्या परिशिष्टाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिखाण आहे; मात्र अपात्र ठरलेला आमदार पोटनिवडणुकीत पुन्हा मतदारांपुढे जातो तेव्हा गावपातळीवर काय घडते, यावर या शोधात मला फार थोडे मिळाले. तेच वयोवृद्ध तज्ज्ञ समोर होते. त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, ‘‘आता तुम्हाला विषय सापडला.’’

मित्रांनो, अज्ञान आणि उणीव यांत फरक आहे. आपल्याला माहीत नसणे हे अज्ञान; कोणालाच माहीत नसणे ही ज्ञानातील उणीव. नीट शोध घेतल्यावाचून या दोहोंतील फरक कळत नाही, आणि तो कळल्यावाचून संशोधनाला आरंभच होत नाही. म्हणून पुढच्या वर्षी प्रकल्प लिहायला बसाल तेव्हा ते ठरावीक वाक्य लिहिण्याआधी एकदा ग्रंथालयाची पायरी चढा. बाई तेथे आहेत. त्या एवढेच विचारतील : ‘‘काय टाइप केलंत, ते दाखवा.’’